माजी सैनिक आणि जवानांच्या घरच्यांसाठी काम करायचंय. नक्की कशाचा उपयोग होतो?

केतकी_ग | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहते. राष्ट्रीयीकृत बँकेतून यंदा जूनमध्ये निवृत्त झाले. नोकरीची शेवटची बरीच वर्षं पेन्शनच्या टेबलावर गेली आणि समोर बसणारे निम्मे लोक फौजेतले. आमच्या जिल्ह्यात ते साहजिकच आहे. अपशिंगे मिलिटरी इथून जवळ. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि आजही तिथे घराघरातून भरती होतात.

आता मला आठवड्यातले दोन दिवस नेमाने देता येतील. पैसा फार नाही. वेळ आहे, कागदपत्रांची सवय आहे, म्हाताऱ्या माणसांशी बोलायला आवडतं.

स्वातंत्र्यदिन, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरचा ध्वजदिन या दिवशी शाल-श्रीफळ, भाषणं होतात. ती व्हावीतच. मला बाकीच्या दिवसांतलं काम हवंय. तर नक्की कोणत्या मदतीचा उपयोग होतो? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सुरुवात करावी की एखाद्या संस्थेबरोबर? आणि ज्यांच्या घरातलं माणूस फौजेत आहे किंवा होतं, त्यांनी मोकळेपणाने सांगा: बाहेरच्या माणसाने काय करू नये?

रानवारा | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

फार चांगला विषय. वाखुसा (वाचनखूण साठवली). मीही नाशिकमध्ये हेच शोधतोय.

सुभेदार_कोरेगाव | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:५५

केतकीताई, जय हिंद. सिग्नल्समधून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो, आता कोरेगाव तालुक्यात असतो. तुमच्यासारख्या माणसाची गावोगाव गरज आहे, हे आधी सांगतो.

पूर्वी पेन्शन बँकेतून हलायची. पासबुक घेऊन गेलं की तुमच्यासारख्या बाई समजावून सांगायच्या. आता बहुतेकांची पेन्शन ‘स्पर्श’ प्रणालीवर गेली, प्रयागराजहून थेट खात्यात जमा होते. पैसे वेळेवर येतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नावातली चूक, जन्मतारीख, मोबाईल नंबर, काहीही बदलायचं तर लॉगिन, पासवर्ड, ओटीपी आलं. ७१ च्या लढाईत खंदकात बसलेला हवालदार आज त्या लॉगिनपाशी अडतो. मुलगा पुण्याला, नातू पुण्याला, घरात म्हातारा-म्हातारी.

सध्या हयातीच्या दाखल्याचे दिवस आहेत, तिथून सुरुवात करा. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. अशांचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप लागतात.

दाखला भरताना पेन्शन देणारी संस्था निवडावी लागते. पेन्शन स्पर्शवर गेलेली असताना लोक सवयीने जुन्या बँकेचं नाव टाकतात. दाखला भलतीकडे जातो, मोबाईलवर ‘यशस्वी’ असा निरोप येतो आणि पुढे पेन्शन थांबते. तिथे स्पर्श, पीसीडीए पेन्शन, अलाहाबाद हेच निवडायचं. शहराचं नाव बदललं तरी यादीत जुनंच सापडतं.

आणि कुणाचाही पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा नाही. त्यांच्या डायरीत त्यांच्या हाताने लिहू द्या. एरियर्स आलेत, ओटीपी सांगा असे फोन करून पेन्शनरांना लुबाडणारे पुष्कळ आहेत. आपण विश्वासाचे असलो तरी ओटीपी दुसऱ्याला सांगायची सवय आपण लावायची नाही.

प्रश्नचिन्ह | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

विषयाबद्दल आदर आहे, पण मुळातच वेगळं मत मांडतो. हे सगळं सरकारचं काम आहे. ज्याने देशासाठी उमेदीची वर्षं दिली, त्याला दाखल्यासाठी शेजारच्या काकूंच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागू नये. आपण स्वयंसेवक म्हणून भोकं बुजवत राहिलो तर यंत्रणा सुधारणार कधी?

सुभेदार_कोरेगाव | ९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

प्रश्नचिन्ह, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण या महिन्यात ज्याची पेन्शन थांबेल त्याच्या औषधाचे पैसे या महिन्यातच लागतात. मागणीही करू, दाखलाही काढू.

मिथिला_देव | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:१८

मी कॉलेजमध्ये आहे, एनसीसी केलंय. आमचा गट दरवर्षी सीमेवर राख्या आणि दिवाळीचा फराळ पाठवतो. वरच्या प्रतिसादांवरून वाटतंय की हे काम वरवरचं आहे. जे प्रत्यक्ष तिथे असतात त्यांना खरंच काय वाटतं?

डोंगरवाट | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मिथिला, मी नोकरीत आहे, सध्या रजेवर. युनिट आणि ठिकाण लिहीत नाही.

राखी वरवरची नाही. वर बर्फात चौकीवर पोस्ट येते तेव्हा अनोळखी मुलीच्या हातचं पत्र आधी एक जण मोठ्याने वाचतो, मग ते सगळ्यांच्या हातून फिरतं. पत्रात ‘तुम्ही आमचे हिरो’ यापेक्षा तुमच्या गावात यंदा पाऊस कसा झाला, कॉलेजात काय चाललंय, हे लिहा. आम्हाला घरासारखं वाटतं. फराळ पाठवायचा तर शंकरपाळे, चिवडा, टिकणारं पाठवा. ओल्या नारळाच्या करंज्या वाटेतच खराब होतात.

पण मनातलं सांगू? जवानाचा जीव मागे घरात अडकलेला असतो. आम्हाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, तीही परिस्थिती बघून मिळते. त्या रजेचा मोठा भाग तलाठी, तहसील आणि कोर्ट यात जातो. शेजाऱ्याने बांध कोरला, वडील गेल्यावर वारस नोंद राहिली, मुलाला दाखला हवा. बायको एकटी कुठे कुठे जाणार? गावात कुणीतरी तिच्याबरोबर सरकारी कार्यालयात जाऊन बसलं तरी आम्ही तिकडे निवांत झोपतो.

आणि एक कळकळीची विनंती. जवान रजेवर कधी आला, कुठून आला, परत कधी निघाला हे फोटोसकट फेसबुकवर टाकू नका. प्रेमानेच टाकता, पण नका टाकू.

कायदेकानू | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३५

डोंगरवाट यांनी लिहिलंय त्यात भर घालतो, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं.

जवान विशेष परिस्थितीत सेवेवर असताना त्याच्या गैरहजेरीत दावा एकतर्फी चालू नये म्हणून इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ हा कायदा आहे. युनिटकडून तसं प्रमाणपत्र कोर्टात आलं की कामकाज पुढे ढकलता येतं. दिवाणी वकिलांनाही याची आठवण करून द्यावी लागते.

दुसरं, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयांमध्ये विधी साहाय्य केंद्रं आणि कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत, अशी ती आहे. केतकीताई, तुम्ही साताऱ्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटून चौकशी करा. अशा केंद्रापर्यंत गावातल्या बाईला घेऊन जाणारं माणूस लागतं. वकील तिच्या दारात जात नाही, हे मी वकील असूनच सांगतो.

तांबडापांढरा | १० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

आमच्याकडं शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी हाय. तिथं एसटी स्टँडवर ‘ओ मेजर’ म्हणून हाक मारा, निम्मी रांग मागं वळून बघत्या. पेन्शनीत आलेला शिपाई असू दे नाहीतर नायक, गावाला समदे मेजरच!

बरं, कामाचं सांगतो. माझी आज्जी. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ते गेल्यावर आज्जीला फॅमिली पेन्शन चालू झाली. ८० वर्षं पुरी झाली की पेन्शन २० टक्क्यांनी वाढत्या, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के. आज्जी ८० ची कवाच झाली, पण वाढ काय येईना. का? तर रेकॉर्डला तिची जन्मतारीखच नव्हती. आजोबांनी भरती होताना लग्न झालं नव्हतं, नंतर बायकोचं नाव लावलं, तारीख कुणी लिवलीच न्हाई. आज्जी शाळेत गेलेली न्हाई, दाखला कुठनं आणायचा?

मग पॅन कार्ड, आधार, मतदान कार्ड जुळवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कागद गेले. वेळ लागला, पण झालं. मागचा फरकबी मिळाला. आज्जीनं त्यातनं पयल्यांदा काय केलं असंल? देवाला चांदीचं निरांजन आणि मला बुलेटचं हेल्मेट!

तर केतकीताई, गावागावात ८० च्या पुढच्या आज्ज्यांची यादी करा. पेन्शन पुस्तिकेत जन्मतारीख हाय का एवढंच बघा. ह्यातनं लई घरांचं भलं हुईल.

केतकी_ग | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

तांबडापांढरा, आज्जींना नमस्कार सांगा. मी टेबलावर असताना याच्या जोडीला नावाचा घोळ सतत बघितला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर हाक मारायचं नाव. नवरा हयात असेपर्यंत त्यावाचून काही अडत नाही. तो गेल्यावर ऐन दुःखात त्या बाईला ‘ही मीच’ हे सिद्ध करत फिरावं लागतं.

माझं ठाम मत आहे की हे काम नवरा-बायको दोघं हयात असताना करायचं. डिस्चार्ज बुक (फौजेतून बाहेर पडताना मिळणारं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन समोर ठेवून नावं आणि तारखा ताडून बघायच्या. विसंगती असेल तर माजी सैनिकाच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. त्याची सही असली की पुढचं फार सोपं होतं.

सावली_७ | १० नोव्हेंबर, दुपारी ३:४४

हा धागा कालपासून वाचतेय. बाहेरच्या माणसाने काय करू नये, असं केतकीताईंनी विचारलं म्हणून लिहिते. माझे यजमान सेवेत असताना गेले. तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता.

तेव्हा गाव लोटलं. मंत्री आले, कॅमेरे आले. मला त्या गर्दीचा राग नाही. ते माणूस गावाचंही होतं. पण काही गोष्टी टाळायला हव्या होत्या. माझ्या मुलाला येणारा-जाणारा सांगायचा, ‘रडू नकोस, आता तूच घरातला कर्ता.’ सात वर्षांचं पोर त्यानंतर माझ्यासमोर रडेना. कृपा करून कुठल्याही मुलाला हे सांगू नका. त्याला ‘तूही फौजेत जाणार ना?’ असंही कॅमेऱ्यासमोर विचारू नका. त्याचं त्याला ठरवू द्या.

पैशांबद्दल विचारू नका. किती मिळाले, सासऱ्यांना किती, तुला किती. पेन्शनचे नियम, विम्याचं नॉमिनेशन, सरकारी मदतीतला आई-वडिलांचा वाटा हे सगळं वेगवेगळं असतं. त्यावरून घरं फुटलेली मी बघितली आहेत. स्वयंसेवकाने एका बाजूला उभं राहू नये. नियम काय आहे ते दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवावं, नाहीतर अधिकृत माणसाकडे पाठवावं.

आता उपयोग कशाचा झाला ते सांगते. माझ्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या दिवसकार्य होईपर्यंत फारसं काही बोलल्या नाहीत. नंतर एक फाईल घेऊन आल्या. मृत्यूचा दाखला, त्याच्या साक्षांकित प्रती, बँक, विमा, गॅसचं कनेक्शन, मुलाच्या शाळेचं नाव, सगळ्याची त्यांनी यादी केली आणि मला म्हणाल्या, ‘प्रत्येक ठिकाणी सही तू करायचीस, रांगेत मी उभी राहते.’ मला त्यांनी नेट बँकिंग शिकवलं. स्कूटी शिकायला लावली. आजही महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, कधी यजमानांचा विषय काढतात, कधी काढत नाहीत. त्यांनी माझ्याबरोबर एकही फोटो काढलेला नाही.

लोकांना वाटतं त्यांचं नाव काढलं तर मला दुःख होईल. नाव काढलेलं मला आवडतं. तो क्रिकेट कसा खेळायचा, भजी किती खायचा, हे कुणी सांगितलं की मुलगा कान देऊन ऐकतो.

डोंगरवाट | १० नोव्हेंबर, दुपारी ४:१०

ताई, तुम्हाला सलाम. हा प्रतिसाद घरी वाचून दाखवला.

मिथिला_देव | १० नोव्हेंबर, दुपारी ४:३२

सावलीताई, आमच्या कॉलेजच्या कार्यक्रमात दरवर्षी वीरपत्नींना स्टेजवर बोलावतात. यंदा मी आधी त्यांना भेटून विचारीन, यायचंय का, काय बोलायचंय, मुलांना बरोबर आणायचंय का. धन्यवाद.

वऱ्हाडी_बाणा | १० नोव्हेंबर, रात्री ८:१५

सगळं बरोबर हाय, पण या धाग्यात एक गोष्ट सुटून राह्यली. माझा मोठा भाऊ सीआरपीएफमध्ये होता. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ले ४० जवान गेले, त्यात आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोघं होते. आख्खा जिल्हा रडला. पण लोकायले वाटते का सीआरपीएफ, बीएसएफ म्हणजे ‘मिल्ट्री’च. नाई ना भाऊ. हे गृहमंत्रालयाचे. त्याईले माजी सैनिकाचा दर्जा नाई, ईसीएचएसचं, म्हंजे माजी सैनिकाच्या इलाजाच्या योजनेचं, कार्ड नाई. १ जानेवारी २००४ च्या नंतर जे भरती झाले, त्याईले निवृत्त झाल्यावर जुनी पेन्शनबी नाई. भाऊ निवृत्त होऊन सैनिक कार्यालयात गेला तं तिथून वापस आला. त्या साहेबाची चूक नोती, नियमच तसा हाय.

गोळी तं वर्दीचा रंग पाहून लागत नाई. मंग तुम्ही काम करसान तं निमलष्करी दलाचे घरं त्या यादीत घेसान का नाई?

केतकी_ग | १० नोव्हेंबर, रात्री ८:४०

घेणार. हे माझ्या डोक्यात नव्हतं, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

सुभेदार_कोरेगाव | १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

बाणा, तुमच्या भावाला माझा जय हिंद. आम्ही काश्मिरात होतो तेव्हा रस्ता उघडायला सकाळी सीआरपीएफच पुढे असायची.

त्यांची दारं वेगळी आहेत, ती माहीत हवीत. त्यांच्यासाठी गृहमंत्रालयाखाली वेल्फेअर अँड रिहॅबिलिटेशन बोर्ड आहे. मुलांच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीत त्यांचा मार्ग निराळा आहे. सैनिकांच्या मुलांचा अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरतात, निमलष्करी दलांचा त्यांच्या दलामार्फत. रक्कम मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. बारावीला ६० टक्के आणि व्यावसायिक पदवीला प्रवेश हवा. चुकीच्या संकेतस्थळावर अर्ज करून मुदत गेलेली पोरं मी पाहिली आहेत. स्वयंसेवकाला निदान योग्य दार दाखवता आलं पाहिजे.

प्रश्नचिन्ह | १० नोव्हेंबर, रात्री १०:०२

सुभेदारसाहेब, एक शंका. ज्यांना पेन्शनच नाही अशा माजी सैनिकांचं काय? आमच्या गावात एक आजोबा आहेत. थोडी वर्षं नोकरी करून परत आले, पेन्शन बसली नाही. आता शेतही नाही.

सुभेदार_कोरेगाव | १० नोव्हेंबर, रात्री १०:२५

शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी बाहेर पडलेले बरेच जुने लोक तसेच राहिले. त्यांच्यासाठी पेन्युरी ग्रँट आहे. वय ६५ च्या पुढे, हुद्दा हवालदारापर्यंत आणि पेन्शन नको. त्यांच्या विधवांनाही मिळते. महिन्याला ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केलेत. अर्ज ऑनलाइन, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने. डिस्चार्ज बुक शोधा. ते असेल तर आजोबांना घेऊन या आठवड्यातच जा.

प्रश्नचिन्ह | १० नोव्हेंबर, रात्री १०:३१

पुस्तक आहे त्यांच्याकडे, ट्रंकेत जपून ठेवलंय. शुक्रवारी सुट्टी टाकून घेऊन जातो.

रानवारा | १० नोव्हेंबर, रात्री १०:४०

प्रश्नचिन्ह यांचं उद्गारचिन्ह झालं! 😀 मनापासून आनंद झाला.

डेट्रॉईटकर | ११ नोव्हेंबर, पहाटे ५:५०

इकडे उद्या व्हेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस. मी गेली काही वर्षं इथल्या व्हेटरन्स रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जातो. इथे डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स ही माजी सैनिकांचीच संघटना आहे. तिच्या गाड्या आहेत आणि चालक सगळे स्वयंसेवक. ज्या माजी सैनिकाला गाडी चालवता येत नाही, त्याला घरून उचलून तपासणीला न्यायचं आणि परत सोडायचं. चालकाची आधी वैद्यकीय तपासणी आणि मागची चौकशी होते.

दीड-दोन तासांच्या त्या प्रवासात माणसं जे बोलतात ते घरी बोलत नाहीत. व्हिएतनामला गेलेल्या एका आजोबांनी मला एकदा सांगितलं की डॉक्टरपेक्षा ते गाडीची वाट बघतात. मला माझ्या वाईच्या मामांची आठवण आली. ते ६५ च्या लढाईत होते आणि त्यांना दवाखान्यात न्यायला कधीच कुणी नसायचं. साताऱ्यात असं काही करता येईल का?

तांबडापांढरा | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

करता येतंय की! ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक असतंय जिल्ह्याच्या गावाला, आमची मंडळी राहत्यात ३०-४० किलोमीटरवर वाडीत. सकाळची एसटी चुकली की नंबर गेला. मग तिथनं रेफर केल्यावर दुसऱ्या हॉस्पिटलात. डोळ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा एकटा कसा फिरंल? चारचाकी असणाऱ्या चार पोरांनी वार वाटून घेतलं तर लई काम हुईल.

सावली_७ | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

गाडीबरोबर एक माहिती घरोघर पोचवा. एरवी आधी पॉलिक्लिनिकचा रेफरल, म्हणजे पुढच्या रुग्णालयासाठीची चिठ्ठी, घ्यावा लागतो, पण जिवावरचा प्रसंग असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात न्यायचं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. छातीत दुखत असताना आधी रेफरल आणायला धावलेली माणसं मी बघितली आहेत.

खडकीकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

पुणेकरांसाठी लिहितो. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथे राहतात. त्यांच्यातले काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, काही व्हीलचेअरवर बसून खेळतात. जवळच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९१७ मध्ये निघालेली ही संस्था आजही अपंगत्व आलेल्या जवानांना नवी कामं शिकवते. आणि वानवडीकडे १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र.

लोक वाढदिवसाला तिथे फळं वाटायला येतात. भावना चांगलीच असते, पण तिथल्या माणसांना वर्षभर केळी-सफरचंद मिळत नाहीत असं थोडंच आहे? आधी फोन करून परवानगी घ्या. कॅरम, बुद्धिबळ खेळायला जा. चित्रं विकत घ्या. संगणक शिकवता येत असेल तर विचारा. आणि पुन्हा जा. एकदाच गेल्याने ओळख होत नाही.

रानवारा | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

खडकीकर, मुरलीकांत पेटकरांची आठवण झाली. आपल्या सांगली जिल्ह्यातला माणूस, ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात. मूळचे मुष्टियोद्धे. ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अपंगत्व आलं आणि मग ते पोहण्याकडे वळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये.

प्रश्नचिन्ह | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

४६ वर्षांनी. पोहायला पाणी मिळालं तर माणूस काय करू शकतो आणि आपण दखल घ्यायला किती वेळ लावतो, दोन्ही त्यात आलं.

माळरान | ११ नोव्हेंबर, दुपारी २:२०

नवीन सदस्य, पहिलाच प्रतिसाद. मी सतरा वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी नायक म्हणून बाहेर पडलो. वय ३६. धाग्यात सगळे म्हाताऱ्यांबद्दल लिहितायत, पण आमच्यासारखे पुष्कळ आहेत. मुलं लहान, घराचं कर्ज, आणि समोर येते ती सुरक्षारक्षकाची नोकरी. ती वाईट नाही. पण मी दहा वर्षं जनरेटर आणि वाहनांची देखभाल सांभाळली, कोट्यवधींचं सामान माझ्या ताब्यात होतं. हे बायोडेटात कसं लिहायचं, मुलाखतीत कसं सांगायचं, हे कुणी शिकवलं नाही. मुलाखतीत ‘अनुभव काय’ विचारलं की आम्ही युनिट आणि हुद्दा सांगून गप्प बसतो.

राज्याच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण परीक्षेला चालू घडामोडी, मराठी व्याकरण, टंकलेखन, एमएस-सीआयटी लागतं. इतकी वर्षं हिंदीत बोलून माझं मराठी शुद्धलेखनही गेलंय. कुणी शिक्षक आठवड्यातून दोन तास देतील का?

मिथिला_देव | ११ नोव्हेंबर, दुपारी २:४१

दादा, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. व्याकरणाच्या नोट्स आहेत, ऑनलाइन वर्ग घेऊ शकते. रात्री नऊला चालेल?

माळरान | ११ नोव्हेंबर, दुपारी २:५०

पळत येतो. अजून तिघांना घेऊन येतो.

डेट्रॉईटकर | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

माळरान, बायोडेटाचं माझ्याकडे लागलं. मी वाहन उद्योगातच आहे. देखभालीचं वेळापत्रक, सुट्या भागांचा साठा, हाताखालची माणसं, बिघाड किती वेळात काढायचा, हे सगळं कारखान्याला कळेल अशा भाषेत मांडू. रविवारी तुमची सकाळ, माझी शनिवारची रात्र. मोकळा आहे.

केतकी_ग | १२ नोव्हेंबर, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार. कालच्या दिवसात काय झालं ते सांगते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आले. कल्याण संघटक फार मोकळेपणाने बोलले. त्यांच्याकडे माणसं थोडी आणि गावं खूप. ते म्हणाले, पेन्शनर आणि वीरनारींची यादी ते माझ्या हातात देणार नाहीत, खाजगी माहिती आहे. मला ते पटलं. शिबिर मात्र गावच्या माजी सैनिक संघटनेने बोलवायचं, त्यांचा एक प्रतिनिधी येईल आणि आम्ही हाताशी राहायचं, असं ठरलं.

पहिलं शिबिर येत्या रविवारी कोरेगाव तालुक्यात, सुभेदारसाहेबांच्या गावच्या मारुतीच्या देवळात, सकाळी नऊपासून. हयातीचे दाखले काढायचे आणि प्रत्येकाचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार समोर ठेवून नावं-तारखा ताडायच्या. तांबडापांढरा यांच्या आज्जींमुळे ८० च्या पुढच्यांची वेगळी वही केली आहे. बाणा, निमलष्करी दलांच्या घरांनाही निरोप गेलाय. गावात तीन घरं निघाली.

सावलीताई, तुमच्या गल्लीतल्या बाईंशी फोनवर बोलायला मला फार आवडेल. त्यांची हरकत नसेल तर विपू (माझ्या विचारपुशीत निरोप) करा.

आता अडचणी. देवळात नेटवर्क येत नाही. दोन चांगले मोबाईल आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला हॉटस्पॉट लागेल. झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद असतं. आणि बायकांशी बोलायला माझ्याखेरीज आणखी एक बाई हवी.

सावली_७ | १२ नोव्हेंबर, रात्री ८:३२

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फोन कशाला, रविवारी आम्ही दोघी येतो. बायकांचं टेबल आमच्याकडे द्या.

डोंगरवाट | १२ नोव्हेंबर, रात्री ८:५५

माझी रजा मंगळवारपर्यंत आहे. प्रिंटर-झेरॉक्सचं छोटं यंत्र घरी आहे, जीपमध्ये टाकून आणतो. वाटेतल्या वाड्यांवरून कुणाला उचलायचं असेल तर सुभेदारसाहेबांनी नावं विपू करावीत.

सुभेदार_कोरेगाव | १२ नोव्हेंबर, रात्री ९:०४

सहा नावं पाठवली. एक जण व्हीलचेअरवर आहेत, मागची सीट काढून ठेवा. नेटवर्क देवळामागच्या शाळेच्या गच्चीवर येतं. मुख्याध्यापकांकडून किल्ली घेतली आहे.